हिरव्या हाताचा पिक्चर

हसू नका म्हणून सांगण्यात अर्थ नाही, तुम्ही हसणारच! फक्त कप तेवढा खाली ठेवा, नाहीतर चहा शर्टावर सांडेल.

नव्वदीतली गोष्ट. येवल्याहून बदली होऊन मी नाशिकला आलो, सिडकोत दोन खोल्या घेतल्या. सुरुवातीला शनिवार आला की येवल्याची एसटी पकडायचो. मग आई गेली. शनिवार यायचा तसा येतच राहिला, पण मी जाणार कुणाकडे? खरं सांगतो, फार एकटं वाटायचं.

ऑफिस सुटलं की घरी जायची घाई नाही, म्हणून मी टॉकीजबाहेरची पोस्टरं बघत हिंडायचो. त्यातही जुन्या भुताच्या पिक्चरची. आत जायची छाती नव्हती हो! भुताचा पिक्चर बघून रिकाम्या घराचं कुलूप उघडायचं कुणी? पोस्टरचं बरं असतं. फुकट असतं आणि त्यातलं भूत जागचं हलत नाही.

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये रॅकवर फायलींखाली असलीच जुनी पोस्टरं अंथरलेली होती. तिथे काम करणारा गांगुर्डे, सटाण्याकडचा, एकदा त्यातला फाटका तुकडा घेऊन जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आला. नाव फाटून गेलेलं. उरला होता फक्त एक हिरवा हात, लांब नखांचा.

"खैरनारभाऊ, हा कोन्ता पिक्चर आसंल?"

"बावडी की दुल्हन," मी भाकरी मोडता मोडता म्हणालो.

त्याने रेकॉर्ड रूममध्ये जाऊन रॅकवरचा उरलेला भाग ओढून काढला. तिथे नाव होतं. बरोब्बर!

झालं! दुसऱ्या दिवशी ऑफिसभर बातमी. कवटी दाखवा, सांगतो. नुसतं वटवाघूळ दाखवा, सांगतो. अहो, एका पेंटरची कवटी हसते आणि दुसऱ्याची रुसलेली असते, एवढं रोज बघणाऱ्याला कळणार नाही का? ज्या टेबलावर मी एकटा डबा खायचो तिथे खुर्च्या पुरेनात. आमच्या हेडक्लार्क देवरेबाई तर डब्याच्या झाकणाने पोस्टरवरचं नाव झाकून माझी परीक्षा घ्यायच्या आणि पास झालो की शेंगदाण्याची चटणी वाढायच्या.

"मग पुढे काय होतं हो त्या दुल्हनचं?" एकदा त्यांनी विचारलं.

इथे माझा पाय घसरला. 'मी पाहिलेला नाही' म्हणालो असतो तर उद्या टेबलाशी कोण बसलं असतं? मी ठोकून दिलं. विहिरीतून हिरवा हात येतो, दुल्हनचे डोळे लालभडक होतात, घुबड ओरडलं की सासरा मरतो. लोक घास तोंडात धरून ऐकत होते. मीही रंगात आलो आणि आणखी एक सासरा मारला.

आणि नेमका महिनाभराने तोच पिक्चर मॅटिनीला लागला!

"रविवारी सगळे जाऊ," देवरेबाई म्हणाल्या, "खैरनार मध्ये बसतील. घाबरायचं कुठे ते आधी सांगतील."

आता नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? आमची पलटण टॉकीजमध्ये शिरली. गर्दीत रांग मोडली आणि माझ्या एका बाजूला देवरेबाई, दुसऱ्या बाजूला कुणी परके टोपीवाले बाबा. दिवे गेले, पडदा उजळला.

पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट!

पोस्टर रंगीत आणि पिक्चर काळा-पांढरा! सांगा, माणसाने विश्वास ठेवावा कशावर?

"भाऊ," मागून गांगुर्डे, "हिरवा हात कुढं हाय?"

"जुनी प्रिंट आहे. रंग उडालाय."

"येवल्याचे ना तुम्ही?" देवरेबाई म्हणाल्या. "तुमच्याकडच्या पैठणीचे रंग तर पक्के असतात म्हणे!"

अंधार होता म्हणून माझा रंग कुणाला दिसला नाही. निदान एक तरी गोष्ट बरोबर यावी म्हणून मी म्हणालो, "आता गाणं आहे. बिनधास्त बघा." पडद्यावर दुल्हन पाठमोरी, हातात तंबोरा. गाणंच असणार की! ती वळली.

तिला तोंडच नव्हतं.

"आई गंऽऽ!" ही किंकाळी पडद्यावरची नव्हे, माझी. पुढचं मी काही पाहिलं नाही. डोळे मिटून देवरेबाईंचा आधार म्हणून जो हात धरला, तो दिवे लागेपर्यंत सोडला नाही.

"पाव्हणं," टोपीवाले बाबा म्हणाले, "आता हात द्या माघारी. बस गाठायचीये."

बाहेर लख्ख ऊन. भर दुपारचे तीन वाजलेले आणि माझ्या डोळ्यांपुढे रिकाम्या घराचं कुलूप. मंडळी पांगू लागली तसं मी कसंबसं म्हणालो, "जरा... घरापर्यंत येता का?"

कुणी हसलं नाही. दोघं निघाली, देवरेबाई आणि गांगुर्डे. माझ्या घरी आलेले पहिले पाहुणे! चहा टाकला आणि लक्षात आलं, घरात कप एकच आहे. बाईंना कप दिला, गांगुर्डेला पेला आणि मी दाढीच्या मगात घेतला. एक ताट, एक खुर्ची, भिंतीवर आईचा फोटो. देवरेबाई सगळं बघत राहिल्या.

निघताना त्यांनी दारावरची माझ्या नावाची पाटी हाताने झाकली. "गांगुर्डे, ओळखा. कोणता पिक्चर?"

गांगुर्डेने आतल्या रिकाम्या खोल्या न्याहाळल्या. "ताई, भुताचा तर नाय. भूत बी नाय ऱ्हायचं हितं. लय एकटं पडंल बिचारं."

आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मी जरा जास्तच हसलो.

"एकटे राहाल ना आता?" बाईंनी विचारलं.

"हो! त्यात काय एवढं?"

ते जिना उतरले. खालच्या फाटकाची कडी वाजली आणि मी खुंटीवरची पिशवी ओढून धावतच खाली गेलो.

"गांगुर्डे! अहो, तुमची पिशवी राहिली!"

गांगुर्डेने पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हा की, राह्यलीच म्हना," म्हणाला आणि मुकाट्याने जिना चढून परत वर आला.

पिशवी माझीच होती.