पाचशे बारा एमबीची वंशावळ

बाबांच्या मते जगातल्या प्रत्येक संगणकाला मीच जबाबदार आहे, कारण मी खराडीतल्या आयटी कंपनीत नोकरी करते. त्यामुळे फोनवर ते "तुझं जावा पुन्हा बंद पडलं" असंच सांगतात.

निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत हाती घेतला. जावा या संगणकभाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रॅममध्ये चार वर्षं ते चिकाटीने माणसं भरत होते. रविवारी कुलसंमेलन होतं आणि सगळी वंशावळ एका लांब तक्त्यावर छापून मंगल कार्यालयाच्या भिंतीवर लावायची होती. पण पूर्ण तक्ता काढायला गेलं की मेमरी अपुरी असल्याचं सांगून प्रोग्रॅम बंद व्हायचा. बाबांनी मला न विचारता नवी रॅम बसवून आणली. तरी तेच.

शनिवारी सकाळी मी कर्वेनगरला बाबांकडे पोचले. रॅम कितीही असली तरी हा प्रोग्रॅम सेटिंगच्या फाइलमधल्या आकड्यापलीकडे जात नाही आणि तिथे पाचशे बारा एमबीच लिहिलंय, हे त्यांना समजावलं.

"म्हणजे डबे भरलेत, पण वाढणारा चिक्कू आहे," बाबा म्हणाले.

मी ऐटीत आकडा चार जीबी केला. बाबांनी प्रोग्रॅम उघडला, तक्ता काढायला घेतला आणि तो बंद पडला. सहा जीबी केला, पुन्हा बंद. दुपारपर्यंत माझी सगळी विद्या संपली. बाबांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि अतिशय आदराने विचारलं, "आपण नक्की संगणकातच काम करता ना?"

मी चिडले. तुमचा तक्ताच अवाढव्य आहे, म्हटलं. जुन्या छापील कुलवृत्तांतात मुलग्यांची नावं होती, मुलींचा नुसता आकडा. आजोबांच्या नावाखाली बाबांचं नाव आणि पुढे 'कन्या दोन', संपलं. बाबांनी मात्र घराण्यातल्या सगळ्या लेकी, त्यांची मुलं, नातवंडं हुडकून भरली होती. उद्यापुरत्या मुलींच्या शाखा काढा, मग मावेल, असं मी बोलून गेले. मी, त्यांची मुलगी.

बाबांनी वर पाहिलंही नाही. "तुझी आत्या उद्या येणार आहे. तिने कुठे बघायचं?"

त्या दोन कन्यांपैकी आता आत्या एकटीच उरली आहे. मला फार लाज वाटली.

मग मी तोंड बंद ठेवून बाबा प्रोग्रॅम कसा उघडतात ते नीट पाहिलं. स्क्रीनवर त्या प्रोग्रॅमची एकसारखी दोन चित्रं होती. नवी आवृत्ती घेतल्यावरही त्यांनी जुनी ठेवली होती, चांगली चालणारी वस्तू कशाला टाकायची म्हणून. मी सकाळपासून नवीचं सेटिंग बदलत होते आणि ते सवयीने जुनी उघडत होते. नवीत तक्ता पहिल्याच फटक्यात निघाला. एवढ्यासाठी खराडीहून माणूस आणावा लागला, असा शेरा बाबांनी मारलाच.

संमेलनात आत्या उपम्याची बशी हातात घेऊन तक्त्यासमोर उभी राहिली. अक्षरं बारीक होती, म्हणून मी तिला तिचं नाव बोट ठेवून दाखवलं. तिने विचारलं, "माहेरचं पण लिहिलंय?"

लिहिलं होतं. तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.