लोणारला निघालो, करमाडला तापलो

लोणारला जायचं मालूआत्यानं ठरवलं, मी फक्त पेट्रोल भरलं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण आणि भटकंतीतली माझी एकमेव जोडीदार. बस तिला लागते आणि टॅक्सीवाल्यावर तिचा विश्वास नाही. म्हणजे आमची जुनी गाडी आहे तोवरच तिचं फिरणं. निघताना माझ्या बायकोनं, स्मितानं, बजावलं होतं, "या वेळी मोठं काम निघालं तर गाडी विकायची. मी ऐकणार नाही."

संभाजीनगरहून लोणारला जालना, सिंदखेडराजा असं जावं. उन्हाळ्यात जाणार असाल तर पहाटे निघा. आम्ही डबा, पाण्याची बाटली आणि आत्याचं बरणीभर ताक घेऊन, ऊन डोक्यावर आल्यावर निघालो.

शेंद्र्याजवळ इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढला. कूलंटची टाकी तळाला गेली होती. गाडी गार होऊ दिली, झाकण काढलं आणि पलीकडच्या हॉटेलात पाणी आणायला गेलो. तिथं गरम भजी निघत होती, म्हणून जरा उशीर झाला. परत येतो तर आत्यानं झाकणसुद्धा लावून टाकलेलं. "भरली मी टाकी. चल," म्हणाली. बाटलीतलं पाणी पुरलं असेल, असं मी धरून चाललो.

करमाडला काटा पुन्हा वर. रस्त्याकडेच्या गॅरेजात बाबूभाईंनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"साहेब, कूलंट दुधावानी झालंय. ऑइल मिसळलं. हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागतंय. चाळीस हजारांत भागलं तर नशीब समजा."

मी वाळूजच्या कारखान्यातल्या माझ्या मित्राला, दिनेशला, फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "गॅस्केट कसलं, ब्लॉक गेलाय. इंजिनच बदल." शेजारच्या चहावाल्यानं फोटोही पाहिला नाही. "माझा साडू भंगार घेतो," म्हणाला. आत्या प्रत्येकाला मान डोलावत होती.

मांडीवर पिशवी घेऊन ती स्टुलावर बसली होती. हा तिचा शेवटचा प्रवास, असं मनात आलं आणि मला खरंच भरून आलं. तरी म्हणालो, "खोला."

बाबूभाईंनी पाना लावला.

"आरं, त्याच्या आधी आजून जरा ताक घालून बघा की," आत्या म्हणाली. "मघाशी घातलं तवा निवली व्हती."

बाबूभाईंचा हात थांबला. "कशात घातलं, मावशी?"

"टाकीत. तापली व्हती ना गाडी? उष्णतेवर ताकच लागतं. मीठ नव्हतं त्यात. लोखंड गंजतंय, एवढं कळतंय मला."

बाबूभाईंनी टाकीला नाक लावलं. "जिरं हाय," ते म्हणाले आणि पाना खाली ठेवून बराच वेळ हसत राहिले. मी दिनेशला खरं कारण कळवलं. "तरी इंजिन बदललेलं बरं," त्यानं लिहिलं.

मूळ दुखणं निघालं पाइपाच्या सैल क्लिपचं. ती आवळून, स्वच्छ पाणी येईपर्यंत सगळं धुऊन नवं कूलंट भरलं. दोन हजारांच्या आत सुटलो, पण दुपार गेली. डबा गॅरेजातच उघडला आणि उरलेलं ताक बाबूभाईंनी मागून घेतलं. कुणी महागडं काम सांगितलं तर आधी गाडीतल्या सगळ्यांची जबानी घ्या, एवढाच माझा सल्ला.

लोणार राहिलंच. आत्याला त्याचं काही वाटलं नाही, करमाड तिला लई आवडलं. घरी पोचल्यावर स्मिताला सगळं खरं सांगितलं आणि चावी टेबलावर ठेवली.

तिनं विचारलं, "विकायची तर गिऱ्हाइकाला सांगावं लागेल ना, इंजिनात ताक होतं म्हणून?"

"सांगायचंच," आत्या म्हणाली. "खोटं कशाला बोलायचं?"

"मग घेणार कोण?" स्मितानं चावी उचलली आणि आत्याच्या हातात दिली.