सरोजमावशींच्या मागून गाताना

राजवाडा, संग्रहालय, बागा यांची माहिती हवी असेल तर आधीच सांगते, ती इथे मिळणार नाही. मी बडोद्याला माफी मागायला गेले होते, आणि तेही दोन वर्षं टाळून टाळून.

झालं असं. ठाण्याच्या आमच्या चर्चमध्ये क्वायर मी बसवते आणि सुराच्या बाबतीत मी खाष्ट आहे. नाताळच्या एका तालमीत मी सरोजमावशींना सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, यंदा तुम्ही बाकावर बसून ऐका." तीस वर्षं क्वायरमध्ये उभी राहिलेली बाई! शाल सावरत त्या मुकाट्यानं खाली जाऊन बसल्या. पुढे त्यांच्या मुलाला, विनोदला, नंदेसरीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मायलेक बडोद्याला गेले. मी निरोप द्यायलाही गेले नाही.

आमचे पाळक प्रभुभोजनाआधी, म्हणजे प्रभूच्या स्मरणाची भाकर वाटण्याआधी, दर वेळी सांगतात, कुणाशी बिनसलं असेल तर आधी ते मिटवून या. त्या तालमीनंतर भाकरीचं ताट आलं की मी ते शेजारणीकडे सरकवायची. तिला वाटायचं, मला पित्त झालंय. मीही तिला तसंच वाटू दिलं.

शेवटी जानेवारीतल्या एका शनिवारी निघाले. बोरिवलीहून सकाळची गाडी धरली की जेवणाच्या वेळेला बडोदे. चेअरकारचं तिकीट मात्र आधी काढून ठेवा, शनिवार-रविवारी मिळत नाही. स्टेशनवर विनोद आला होता. आमच्यातला नेहमीचा "सलाम," एवढंच म्हणाला आणि स्कूटर सुरू केली. त्याचा राग गेला नव्हता, आणि का जावा? तरी पाहुणचार चुकवला नाही. वाटेत शेवउसळ खायला घातली. झणझणीत रस्सा, वर मूठभर शेव, सोबत पाव. शंभर रुपयांच्या आत पोट भरतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचा आळ रश्श्यावर घालता आला.

"आई खंडेराव मार्केटमध्ये आहे," तो म्हणाला. "उद्या उपासनेनंतर प्रीतिभोजन आहे ना, भाजी तीच निवडते. दुसऱ्या कुणाचं तिला पटत नाही."

मार्केटची इमारत संस्थानाच्या काळातली, देखणी. पण मला दिसली ती पापडीच्या शेंगांच्या ढिगापुढे वाकलेली मावशींची पाठ. केस पार पांढरे झाले होते. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "आलीस? पिशवी धर."

मी धरली. वांगी झाली, ओल्या तुरीच्या शेंगा झाल्या. रताळ्यांपाशी माझ्याच्यानं राहवेना. "मावशी, त्या दिवशी मी फार वाईट वागले. मला माफ करा."

रताळं चाचपतच त्या बोलल्या. "लागलं होतं गं मला. वर्षभर भांडी घासतानासुद्धा गायले नाही. म्हटलं, देवाला तरी माझा आवाज चालतो की नाही, कोण जाणे."

मी त्यांना बाकावर नव्हतं बसवलं, देवापासून लांब बसवलं होतं.

"मग?"

"मग इथे आलो. इथे गीत उचलणारं दुसरं कुणी नव्हतं." त्या हसल्या. "माफ केलं, जा. पण उद्या माझ्याशेजारी बसायचं. मी उचलीन, तू मागून यायचं."

माझं नाक ओढणं बघून भाजीवालीनं विचारलं, "माजी, आ तमारी दीकरी?"

"ना," मावशी म्हणाल्या, "पण अमारी ज छे." मुलगी नाही, पण आमचीच आहे.

रविवारी उपासनेसाठी विनोदच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवून सतरंजी घातली. आम्ही धरून नऊ माणसं, बहुतेक रेल्वेतली आणि रिफायनरीतली. पेटी नाही, तबला नाही. पाळक महिन्यातून एकदाच येतात आणि तो रविवार त्यांचा नव्हता, म्हणजे प्रभुभोजनही नव्हतं. मला थोडं वाईट वाटलं; दोन वर्षं मी ताट पुढे सरकवते, हे आदल्या रात्रीच मावशींना सांगितलं होतं. तेवढ्यात मावशींनी डोळे मिटून गीत उचललं, नको तितकं उंच, आणि तिसऱ्या ओळीला सूर सोडला. आयुष्यभर मी लोकांना सूर दिला. त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्याच्या सुटलेल्या सुरामागून गेले. इतक्या मनापासून मी कित्येक वर्षांत गायले नव्हते. विनोदनं जेवताना पापडीची भाजी मला दोनदा वाढली.

परतीच्या गाडीसाठी लीलो चेवडो घ्या, ओलसर असतो, दोन दिवसांत संपवा. माझा सुरतेपर्यंतच संपला.

पुढच्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन होतं. ताट आलं. शेजारीण सवयीनं हात पुढे करून बसली होती. मी भाकर घेतली.

दुपारी मावशींचा फोन आला. "घेतलंस?"

"घेतलं, मावशी."

मग फोनवरच त्यांनी तेच गीत उचललं, तितकंच उंच, आणि मी हातातलं काम ठेवून मागून गेले.