चार हजार चारशे सतरा नंबरचं पुस्तक

ती माझी धाकटी बहीण. सख्खी, पाठची. हे आधीच सांगून टाकतो, कारण वाचनालयात तिला सगळे मॅडम म्हणतात आणि मी तिच्या टेबलासमोर उभा राहिलो की नव्या माणसाला वाटतं, ग्रिलवाला दुरुस्तीला आलाय. तिथल्या चारी खिडक्यांची ग्रिलं माझ्याच हातची. पंधरा वर्षांत एक जोड सुटलेला नाही, हवं तर जाऊन हलवून बघा. मी नववीत शाळेला रामराम ठोकला. ती शिकली, ग्रंथपाल झाली. पण तिला सायकलवर डबलसीट शाळेत कोण न्यायचं, ते तिलाच विचारा.

तर ही आमची चिमी. एकोणीस वर्षं झाली त्या दोन खोल्यांत. बाहेर वर्तमानपत्रांची लांब टेबलं, आत पुस्तकांची कपाटं. पुस्तक परत आलं की ती ते आधी उलटं धरून झटकते. लोक पुस्तकात काय काय विसरतात. बसचं तिकीट, केसांची पिन, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं. मालक सापडला तर परत, नाहीतर खोक्यात. आणि प्रत्येक वस्तूला चिटोरं जोडलेलं, कुठल्या नंबरच्या पुस्तकात सापडली, कोणत्या तारखेला. बिननंबरी वस्तू तिला बघवतच नाही. लहानपणी माझ्या गोट्यांनाही नंबर घातले होते तिनं.

यंदा वाचनालयाच्या सेक्रेटरींनी फर्मान काढलं. "मॅडम, दिवसाला नऊ माणसं येतात, त्यातली चार पंख्याखाली बसायला. इंटरनेटवर काहीतरी लिहा. ब्लॉग सुरू करा."

झालं, चिमीच्या जिवाला घोर लागला. माझी बायको टायपिंगच्या दुकानात कामाला आहे, तिनं शिकवायचं ठरलं. चिमी रोज संध्याकाळी आमच्याकडे यायची, खुर्चीत बसायची, उठायची, पाणी प्यायची, परत बसायची. तीन दिवसांत तिनं ब्लॉगवर अडतीस विभाग पाडले. मजकूर एक ओळ नाही.

"वन्सं, कपाटं भरपूर झाली," बायको म्हणाली. "आता एखादं पुस्तक ठेवा की."

"विभागच नसेल तर ठेवू कुठं?"

"जमिनीवर ठेवा. पण ठेवा."

चौथ्या दिवशी तिनं खोक्यातली एक चिठ्ठी काढली. अकरा वर्षांपूर्वी मधमाश्या पाळण्यावरच्या एका पुस्तकात सापडलेली. पेन्सिलीनं दोनच वाक्यं होती. 'आजही धीर झाला नाही. उद्या नक्की विचारतो.' बस्स, त्यावर चिमीनं पानभर लिहिलं. कोण असेल हा, कुणाला काय विचारायचं होतं, विचारलं का. माझी बहीण आहे म्हणून सांगत नाही, पण वाचताना माझ्या हातातला चहा गार झाला. वर्कशॉपमधल्या सगळ्यांना मोबाईल दाखवला मी. आणि शेवटी, हाताला सवयच ती, चिमीनं लिहून टाकलं होतं: पुस्तक क्रमांक चार हजार चारशे सतरा, आणि पुस्तक परत आलं ती तारीख.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "दादा, सव्वीस माणसं आलीत. सगळी तेच पुस्तक मागतायत. मला काय करावं सुचत नाहीये."

आवाज आनंदाचा होता. मी तसाच उठून गेलो, हातमोजे खिशात. बघतो तर टेबलाभोवती ही गर्दी आणि चिमी या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालतेय. मी पुस्तक हातात घेतलं. मागच्या कव्हरला खिसा असतो, त्यात कार्ड. कुणी नेलं, कधी आणलं, सगळं त्यावर. त्या पुस्तकाला उभ्या आयुष्यात चार वाचक मिळालेले. तारीख जुळवायला कितीसा वेळ लागतो?

"हे काय, इथंच लिहिलंय की," मी म्हणालो आणि नाव वाचलं. ग्राइंडरच्या आवाजाच्या वर बोलायची सवय माझी. दोन्ही खोल्यांत ऐकू गेलं.

खिडकीपाशी घड्याळवाले काका बसले होते. घड्याळं दुरुस्त करायचे, आता दुकान बंद केलंय. एकोणीस वर्षांत त्यांची खुर्ची चुकली नव्हती. त्यांनी पेपराची नीट घडी घातली, काठी घेतली आणि कुणाकडं न बघता निघून गेले. चष्मा टेबलावरच राहिला.

गर्दी पांगल्यावर चिमी म्हणाली, "दादा, तुझ्या जिभेला एक ग्रिल बसवून घे."

"आणि नंबर कुणी छापला? मी?"

तिनं माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं. मग म्हणाली, "मीच." मला आपलं तोंड उघडल्याचं वाईट वाटलं, ते तेव्हा.

कोण काय वाचतं, हे तिनं एकोणीस वर्षांत घरी कधी सांगितलं नव्हतं. मी खोदून विचारलं तरी नाही. सेक्रेटरींचा फोन आला, आवाजात नुसती साखर. अशीच गर्दी राहू द्या म्हणाले. फोन ठेवला आणि तिनं ब्लॉगवरचं ते पान काढून टाकलं. कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. तरी जिवाला चैन नाही. काकांचा पत्ता रजिस्टरमध्ये होता. संध्याकाळी चष्मा घेऊन ती त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. परत फिरली. पुन्हा गेली. दार उघडलं तर म्हणायचं काय? चष्मा द्यायला आले? चष्म्यासाठी कोणी इतकं कासावीस होतं का? काका परत आलेच नाहीत तर ती रिकामी खुर्ची रोज समोर दिसणार, एवढंच तिच्या डोक्यात. चष्मा पर्समध्ये घालून ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अर्धा तास आधीच पोचली. काका पायरीवर बसलेले.

तिनं चष्मा दिला. त्यांनी सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या, घातला. "काढलंत ते लिहिलेलं?"

"हो. चुकलं माझं, काका. ही तुमची चिठ्ठी."

"ठेवा खोक्यात. इतकी वर्षं सांभाळलीत." ते काठीवर भार देऊन उठले. "काल सुनेनं वाचून दाखवलं मला. किती जणांनी वाचलं?"

"तीनशे बारा."

"तीनशे बारा," काका म्हणाले आणि तिनं कुलूप काढल्यावर आत गेले, आपल्या खुर्चीत बसले. "मग एवढ्या लोकांना अर्धवट ठेवू नका. मी दुसऱ्या दिवशी विचारलं होतं. नाही म्हणाली."

चिमी कुलूप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"लिहा ते," काका पेपर उघडत म्हणाले. "नंबर तेवढा टाकू नका. आणि जरा पंखा लावा."