नखाच्या चिमटीची पाकळी

चौदा एप्रिलला पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, विहारापासून रथ निघतो. त्या रथावर बैलगाडीच्या चाकाएवढं कागदाचं कमळ असतं आणि कमळाच्या मधोमध बुद्धमूर्ती. एकतीस वर्षं हे कमळ एकाच घरात तयार होत आलं. त्या घरात कमळापायी जेवढं रडणं झालं, तेवढं कुणाच्या मयतीलाही झालं नसेल.

ते घर कलावतीबाईंचं. नवरा हिरालाल रेल्वेत होता, गोंदियाकडून बदली होऊन रायपूरला आला आणि इथलाच झाला. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा तो बांधायचा, पाकळ्या कलावतीबाई करायच्या. तो गेला तरी त्याचा सांगाडा राहिला. दरवर्षी माळ्यावरून काढायचा, पुसायचा आणि नव्या पाकळ्यांनी मढवायचा.

काम तसं साधं. पतंगीच्या कागदाचा ताव चौकोनी कापायचा, तिरका दुमडायचा, मैद्याची खळ लावून द्रोणासारखा वळवायचा. खरी गंमत शेवटी. टोकाला अंगठ्याच्या नखानं एक चिमटी घ्यायची, की टोक बाहेर कलतं आणि पाकळी आत्ताच उमलल्यासारखी दिसते. ही चिमटी कलावतीबाईंनी कुणाला शिकवली नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, आधी नख वाढव, मग ये.

एप्रिलच्या उन्हात हे सगळं पंखा बंद करून चालायचं, कारण पंख्यानं कागद उडतो. खिडक्याही बंद, कारण सिलताऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी गच्चीवरून घरात शिरते आणि ओल्या खळीवर बसली की निघत नाही. अशा खोलीत सोळा वर्षांपूर्वी त्यांची नवी सून रीना पहिल्यांदा बसली. माहेर दुर्गचं, लग्नाला चार महिने झालेले. घाम कागदावर पडू नये म्हणून कपाळाला ओढणी बांधून तिनं आठ दिवसांत दोनशे पाकळ्या केल्या.

नवव्या दिवशी कलावतीबाईंनी शेजारच्या चार बायका बोलावल्या. पार्बताबाई त्यांच्यातच होत्या. दारातल्या उजेडात एकेक पाकळी धरायची, बायकांना दाखवायची आणि टर्रकन फाडायची, असं चाललं. पन्नासेक फाडून झाल्यावर बाकीच्यांचा ढीग त्यांनी पायानंच सुनेकडे सरकवला.

"ह्या काही पाकळ्या नाही, सूनबाई. फुटाण्याच्या पुड्या हाय. रस्त्यावर उभी राह्य आन् वाट."

बायका हसल्या. रीनाला तो ढीग चुलीत घालावा लागला आणि त्याच जाळावर दुसऱ्या दिवशीची खळ शिजवावी लागली. कलावतीबाईंचा मुलगा संघर्ष तेव्हा घरीच होता. तो जेवला आणि शिफ्टला निघून गेला.

दर एप्रिलला हेच. पुढे फाडणं कमी झालं, पण बोलणं वाढलं. रीनाच्या पाकळ्या सगळ्यात खालच्या ओळीत, कामट्यांच्या मागे, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे लागायच्या. 'फुटाणेवाली' हे नाव तर बायकांनी वर्षभर वापरलं. सोळा वर्षांत रीनानं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. काहीही म्हणा, ती म्हणायची, "हव, आई."

कलावतीबाईंना वाटायचं, पोट्टी मऊ आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांना दिव्याभोवती रंगीत वर्तुळं दिसू लागली. गुडघ्याचं औषध आणते असं सांगून त्या एकट्या रिक्षानं समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात गेल्या. डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंब घालून सांभाळा, म्हणाला. थेंब आणायचे तर घरात कळणार. घरात कळलं तर कमळ सुनेच्या हातात जाणार. चिठ्ठी त्यांनी पेटीत साड्यांच्या खाली दडवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. या वर्षीच्या होळीपर्यंत त्यांच्यासमोर उरलं ते फक्त अंधूक, राखेसारखं. दार कुठे आणि माणूस कुठे, एवढंच समजायचं. पण घर पाठ होतं. बोटं शाबूत होती.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रीना कागद घेऊन आली. दोन ताव सासूच्या पुढ्यात ठेवून तिनं विचारलं, "आई, बाहेरच्या ओळीले ह्या दोन्हीतला कोणता गुलाबी घेऊ?"

कलावतीबाईंनी दोन्ही तावांवरून हात फिरवला. कागद चांगला होता, नवा, करकरीत.

"उजव्या हातचा. डावा फिक्का हाय, दिसत नाही का तुले?"

रीना थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "हव, आई."

पुढे तिनं सांगितलं की समितीचे अध्यक्ष बुद्धभूषण यांना यंदा दुप्पट मोठं कमळ हवंय, आठशे पाकळ्यांचं. घरात मावणार नाही, म्हणून जोडणी विहाराच्या हॉलमध्ये बायका करतील. पाकळ्या मात्र आईंच्याच हव्यात. कलावतीबाई सुखावल्या. हॉलमध्ये जायचं तर चारचौघींत काही उचलावं लागणार, काही वाचावं लागणार. त्यांनी गुडघ्याचं निमित्त केलं आणि घरीच बसल्या.

वीस दिवस त्यांनी काम केलं. दिवसाला चाळीस. रीना सकाळी कागदाचा गठ्ठा ठेवी, हा गडद गुलाबी, हा फिका, हा पांढरा, असं सांगे. दुपारी तयार पाकळ्या झोळ्यात भरून नेई. जोडणी कशी चाललीय असं विचारलं तर म्हणे, मस्त चाललीय. कलावतीबाईंचा अंगठा सुजला, नखाखाली खळ वाळून भेग पडली. तरी संध्याकाळी दारात बसून त्या पार्बताबाईंना सांगत, पाहजो तू, यंदा लोक मूर्तीकडे नाही, कमळाकडे पाहतील. सुनेबद्दल विचारलं तर म्हणत, तिले काय, ने-आण करून राहिली. फुटाणेवालीच ते.

जयंतीच्या दिवशी चार वाजता त्या पांढरी साडी नेसून निघाल्या. गुडघ्यांच्या नावाखाली पार्बताबाईंच्या खांद्यावर हात ठेवलेला. विहार साठ पावलांवर. रथाजवळ गर्दी होती, ढोल सुरू व्हायचे होते. बुद्धभूषण पुढे आले, पाया पडले. कलावतीबाईंनी कमळाला हात लावू द्या म्हटलं. त्यांनी हौसेनं त्यांचा हात धरून रथाच्या कठड्यावर ठेवला.

बोटं बाहेरच्या ओळीवरून फिरली. टोकं गोल होती, पेन्सिलीवर गुंडाळल्यासारखी. चिमटी नव्हती. त्यांनी शेजारची पाकळी चाचपली, तिच्या वरची चाचपली, वाकून हात आत घातला. कुठेच चिमटी नव्हती. बुद्धभूषण म्हणाले की रीना वहिनींनी यंदा कमाल केली, तीनशे पाकळ्या हॉलमध्ये बसून एकटीनं केल्या.

"तीनशे?" कलावतीबाईंनी विचारलं.

"तीनशेच. तेवढ्याच बसतात ना, बाई. सांगाडा तर तोच आहे, हिरालाल काकांचा."

त्यांनी हात मागे घेतला. माझ्या आठशे कुठे आहेत, हे विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात भोंग्यावरून कुणीतरी बोलू लागलं. पाऱ्याच्या ज्येष्ठ उपासिका कलावतीबाई यांनी या वयात, आपल्या हातानं, रॅलीत वाटण्यासाठी फुटाण्याच्या आठशे पुड्या करून दिल्या, त्याबद्दल समिती त्यांची आभारी आहे. टाळ्या पडल्या. मनापासून पडल्या. त्या टाळ्यांमध्ये कुणाच्याही मनात काही वाकडं नव्हतं आणि म्हणूनच कलावतीबाईंना कुणावर ओरडता येईना.

कुणीतरी त्यांच्या हातात एक पुडी दिली. द्रोणासारखी वळवलेली, फुटाण्यांनी भरलेली, कोमट. अंगठा आपोआप टोकावर गेला. तिथे चिमटी होती.

पार्बताबाई फुटाणे चावत म्हणाल्या, "काय सुंदर केल्या वो तू. माझी हिरवी हाय. तिकडं त्या पोरीकडं जांभळी, पिवळी. तुझी तर काळी आली. येवढे रंग कुठून जमवले?"

"होते घरात," कलावतीबाई म्हणाल्या.

आता त्यांना सगळं कळलं. उजव्या हातचा कोणता होता आणि डाव्या हातचा कोणता, ते कधीच कळणार नव्हतं; पण त्यातला गुलाबी एकही नव्हता, हे कळलं. रीनाची ती घटकाभराची शांतता कळली. आणि हेही कळलं की आता तोंड उघडलं, माझ्या पाकळ्या होत्या म्हटलं, तर सगळा पारा हसत विचारेल, काळ्या कागदाचं कमळ कोण करतं, बाई? तुम्हाला दिसत नाही का?

गर्दीतून रीना येत होती. चालणं ओळखीचं, पैंजणांचा आवाज ओळखीचा. हातात टोपली असावी, कागद सळसळत होता. प्रत्येकाला ती एकेक पुडी देत होती, रस्त्यावर उभी राहून. सासूसमोर येऊन ती थांबली. आवाजात राग नव्हता, उलट नेहमीपेक्षा गोड होता.

"आई, तुमच्या वाट्याले कोणत्या रंगाची आली?"

आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. पार्बताबाईंचं चावणं थांबलं. खरं म्हणजे उत्तर त्यांनी आत्ताच सांगितलं होतं. काळी म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण सोळा वर्षांत सुनेनं विचारलेल्या प्रश्नाला कलावतीबाईंनी दुसऱ्याचं उसनं उत्तर कधी दिलं नव्हतं.

"गुलाबी," त्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. पार्बताबाईंचा खांदा त्यांच्या हाताखाली आक्रसला, एवढंच. मग तो खांदा हळूच त्यांच्या बाजूला झुकला, आंधळ्या माणसाला देतात तसा आधार द्यायला. कलावतीबाईंनी झटक्यात हात काढून घेतला.

"हव, आई," रीना म्हणाली. "गुलाबीच हाय."

तिनं टोपलीतले मूठभर फुटाणे सासूच्या पुडीत वरून घातले. चार खाली सांडले. ढोल सुरू झाले, रथ हलला, लोक त्याच्यामागे सरकू लागले. कलावतीबाई जागेवरच उभ्या राहिल्या. आता धरायला खांदा नव्हता आणि रस्त्यातली साठ पावलं लोकांनी भरून गेली होती.

सून अजून समोर आहे, हे त्यांना घामाच्या वासावरून समजलं. त्यांनी आवाज सरळ केला.

"चिमटी बरोबर बसली हाय सगळ्याईले. पुढच्या साली आधी सांगजो. हजार करून ठेवीन."

"पुढच्या साली शरबत ठेवून राहिलो, आई," रीना म्हणाली, आणि टोपली कमरेवर घेऊन रथाच्या मागे निघून गेली.