अनघाने दिलेला शब्द

टक्. टक्. टक्.

कवितेच्या मात्रा मोजताना अनघा बाकावर बोटं वाजवायची. मी तिचा बाप, आणि सातवीत तिला मराठी शिकवणारा मास्तरही.

तो आवाज अजून कानात आहे. ती नाही. आज एक वर्ष झालं.

सकाळपासून तिच्या आठवणीत तुम्ही सगळे इथे ऑनलाइन लिहिताय. निर्भीड, झुंजार, शिकागोची शान.

तीन वर्षांपूर्वी तुमच्यातलेच काही जण इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले होते, "काका, असल्या घाणीत पोरीने हात कशाला घालायचा?"

घाण म्हणजे तो. नाइट क्लब त्याचे, प्रौढांच्या फिल्म काढणारा स्टुडिओ त्याचा, आणि चॅरिटी डिनरला पहिली खुर्चीही त्याचीच. मॉडेलिंग सांगून मुलींकडून कॉन्ट्रॅक्टवर सह्या घ्यायचा. मग कॅमेऱ्यासमोर भलतंच. नाही म्हटलं की घरी टेप पाठवायची धमकी.

अनघा इथल्या एका साप्ताहिकाची रिपोर्टर. आठ महिने ती या एकाच बातमीमागे होती. तीन बायका बोलल्या, पण पुरावा म्हणून दाखवायला कागद एकीकडेही नव्हता.

कागद होता चौथीकडे. आपली मराठी मुलगी, मास्टर्स करायला आलेली. अट एकच, नाव कुठेही यायचं नाही. अनघाने शब्द दिला.

ती डेव्हन रस्त्यावरच्या आमच्या फ्लॅटवर येणार, त्या दुपारी अनघाने मला बजावलं. "बाबा, तिला काही विचारायचं नाही. गाव नाही, आडनाव नाही."

"चहा तरी विचारू?"

"चहा विचारा. तेवढाच."

मुलगी आली. पिवळं पाकीट मांडीवर घट्ट धरून बसली. मध्येच एडिटरचा फोन आला म्हणून अनघा आतल्या खोलीत गेली.

मी चहा गाळता गाळता सवयीने एक जुनी शाळेतली कविता गुणगुणत होतो. पुढची ओळ त्या मुलीने म्हटली. चालीसकट!

मी विरघळलोच. "कुणी शिकवली गं तुला?"

"आमच्या सरांनी." पहिल्यांदा हसली. सरांचं नावही सांगून गेली.

तो माझा बी.एड.चा रूममेट निघाला.

दुसऱ्या दिवशी मी भारतात फोन करायचं कॉलिंग कार्ड घासलं आणि त्याला फोन लावला. "अरे, तुझी विद्यार्थिनी भेटली! वाघीण आहे. एका बड्या धेंडाविरुद्ध उभी राहतेय."

"कसलं धेंड रे?"

मी सांगितलं.

अभिमानाने सांगितलं हो. चाळीस वर्षं मुलांना कविता शिकवणाऱ्याला तोंड कधी मिटायचं, ते कळलं नाही.

शिकागोला शिकायला आलेली त्याची विद्यार्थिनी एकच; त्याने ओळखलं आणि कौतुकाने तिच्या घरी सांगितलं. आठवड्यात तिच्या वडिलांचा तिला फोन. त्यानंतर तिचा अनघाला. स्पीकरवर होता, मी समोरच बसलेलो.

"ताई, तुम्ही शब्द दिला होता ना मला?"

अनघाने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं.

"हो. चूक माझी आहे. सॉरी," एवढंच म्हणाली. माझं नाव घेतलं नाही.

मी रडायला लागलो तर म्हणाली, "बाबा, शब्द माझा होता. तुमचा नव्हता."

मुलगी मागे हटली. पाकीटही तिच्याबरोबर गेलं. बातमी छापून आली ती कागदाशिवाय. त्याचा वकील टीव्हीवर म्हणाला, बायका खोटं बोलतात. तो शेजारी बसून हसत होता.

अजून हसतोच आहे. गेल्या महिन्यात त्याचा सत्कार झाला.

हॉस्पिटलमध्ये, आजारपणाच्या शेवटच्या दिवसांत अनघाची बोटं चादरीवर वाजायची. कुठली कविता, ते मी विचारलं नाही.

हे प्रोफाइल तिनेच मला उघडून दिलं होतं. "लिहा बाबा, मनातलं." आज पहिल्यांदा लिहितोय.

अनघा, तुला फूल वाहायची माझी लायकी नाही. खरं तेवढं तुझ्यापुढे ठेवतो.

इथे थांबणार होतो. तेवढ्यात बेल वाजली.

दारात ती मुलगी. हातात तेच पिवळं पाकीट.

"ताई गेल्याचं मला परवा कळलं, काका. हे त्यांचंच होतं. आता त्यांच्या पेपरला माझ्या नावानिशी देणार आहे. मी तेव्हा त्यांना फार बोलले हो..."

चूक कुणाची, हे तिला आजही माहीत नाही.

चहा नंतर. आधी तिला या स्क्रीनसमोर बसवतोय.

तुम्ही हे वाचत असाल, तर तिने आधी वाचलंय.