कशातले आठ आणे?

नीलव्वाबाईंची आणि माझी ओळख दोन भाकरींवरून झाली. शाळेत नाव घातलं त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, त्यांनी मला आणि माझ्याबरोबर नाव घातलेल्या नरसू या पोरीला समोर बसवलं. पुढं एक फडकं अंथरलेलं होतं आणि त्याखाली काहीतरी होतं. "एका भाकरीतली अर्धी हाय, दुसरीतली चतकोर. बोल, कोणची घेतीस?" मी चटकन अर्धी मागितली. आमच्या घरी पाच भावंडं. अर्धी चतकोरापेक्षा मोठी, हे मला शाळेचं तोंड न बघताच येत होतं. नरसूच्या वाट्याला चतकोर आली. बाईंनी फडकं उचललं. माझी अर्धी होती तळहाताएवढ्या, बाहुलीच्या लग्नात करतात तसल्या भाकरीची, आणि नरसूची चतकोर होती परातीएवढ्या भाकरीची. "कशातली अर्धी, हे का गं न्हाई विचारलंस?" बाई म्हणाल्या. नरसूनं तिच्यातला तुकडा मला मोडून दिला म्हणून बरं, पण तो राग मी बरेच दिवस धरून होते.

बाई अक्कलकोटकडच्या. घरची भाषा कानडी, पुस्तकातलं मराठी अगदी स्वच्छ, आणि पुस्तक मिटलं की आमच्यासारखंच हाय-न्हाय. उंच, काळ्यासावळ्या, अंगावर इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचा पुसट पट्टा. चष्म्याची एक काडी मोडलेली होती, तिथं दोरा बांधून त्यांनी तो कानावर अडकवलेला असायचा. त्यांचं घरदार कुठं, मागं कोण, हे आम्हांला कधी कळलं नाही आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

मुलींची ती शाळा दोन खोल्यांची होती. भिंतीपलीकडे हातमाग चालायचे. माझ्या आठवणीत त्या शाळेत कायम दुपारच असते. उन्हाची एक तिरीप पत्र्याच्या भोकातून आत आलेली, तिच्यात कापसाची तुसं सावकाश तरंगतायत, पलीकडून मागाची खटखट येतेय, बाहेर गटारातून रंगाऱ्याचं पाणी वाहतंय, कधी जांभळं, कधी शेंदरी. आम्ही पेंगत असायचो. मधेच गिरणीचा भोंगा व्हायचा आणि सगळ्याजणी एकदम दचकून पाट्या सावरायच्या. बाई रागवायच्या नाहीत. "झोप झाली असंल तर हिशेब करू या," एवढंच म्हणायच्या.

आमच्याकडे तेव्हा सगळं आण्यांत मोजायचे, सोळा आणे म्हणजे पुरेपूर. पीक आठ आणे आलं, ताप बारा आणे उतरला, पोरगी सोळा आणे बापावर गेली. बाईंसमोर असं काही बोलायची सोय नव्हती. एखादीची आई शाळेत येऊन म्हणाली, "बाई, आता आठ आणे बरं हाय बगा माजं," की बाई मायेनं तिच्या हातावर हात ठेवायच्या आणि विचारायच्या, "कशातले आठ आणे? आदी किती दुकत हुतं?" बिचारीला काही सांगता यायचं नाही. मग ती हसायची आणि बाईही हसायच्या.

एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं: एका गावात ज्वारीचं पीक आठ आणे, मंगळवेढ्यात बारा आणे. ज्वारी कुठं जास्त? आम्ही एका सुरात ओरडलो, मंगळवेढ्यात. मंगळवेढ्याची ज्वारी ऐकून तर सगळ्यांना माहीत. बाई नुसत्या उभ्या राहिल्या. मग मागून नरसू, घरी तेलुगू बोलणारी, मराठी चाचपडत बोलणारी, हळूच म्हणाली, "सांगता येत नाही, बाई." आता हिला छडी बसणार म्हणून आम्ही सगळ्या मागं वळलो. "परत म्हण," बाई म्हणाल्या. "मान खाली घालून न्हाई. वर करून म्हण." नरसू परत म्हणाली. मग त्यांनी सगळ्या वर्गाकडून ते म्हणवून घेतलं, आणि पलीकडच्या विणकरानं माग थांबवून भिंतीवर थाप मारली. सोळा आणे म्हणजे त्या गावात किती पोती आणि मंगळवेढ्यात किती, हे कळल्याशिवाय आण्यांना काही अर्थ नाही, हे बाईंनी मग समजावलं.

मला ते उत्तर फारच आवडलं. संध्याकाळी बापानं विचारलं, भाकरी झाली का? मी मान वर करून म्हटलं, सांगता येत नाही. त्याची पाच बोटं गालावर उमटली. दुसऱ्या दिवशी बाई माझा गाल बघून म्हणाल्या, "अगं, चुलीत डोकावून बगितलं असतंस तर सांगता आलं असतं की. जिथं बगता येतंय तितं हे उत्तर चालत न्हाई."

आता परीक्षेची गोष्ट. सातवीच्या सरकारी परीक्षेला आधीच्या वर्षी आमच्या शाळेतून दोन मुली बसल्या होत्या आणि दोघीही पास झाल्या होत्या. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष दादासाहेब यांनी ओसरीत फळी लावून रंगानं लिहून घेतलं: निकाल शेकडा शंभर. माणूस वाईट नव्हता. शाळेसाठी दारोदार हिंडून मदत मागायचा आणि त्या फळीमुळे मदत मिळायची. आमच्या वर्षी आम्ही दहाजणी होतो. दादासाहेब म्हणाले, "बाई, खात्रीच्या दोघीतिघी बसवा. शेकडा घसरता कामा नये." बाई म्हणाल्या, "दहाही बसतील." "घसरला तर?" "घसरू द्या की."

घसरला. चौघी पास झाल्या, सहाजणी नापास, आणि त्या सहांत मी. नरसू पास झाली. बाप म्हणाला, "लई झालं शिकून. उद्यापासनं आयबरोबर कांड्या भरायच्या." विणकरांसाठी कांड्यांवर सूत गुंडाळायचं काम आई घरी करायची, त्या ढिगापुढं मला बसवलं. इकडे दादासाहेबांनी सातवीचा वर्ग बंद करायचं ठरवलं. शंभरावरून चाळीसावर आलेल्या वर्गाला मदत कोण देणार? म्हणजे माझं तर संपलंच होतं, पण माझ्या मागून येणाऱ्या सगळ्यांचंही संपणार होतं.

मंडळाची बैठक आमच्याच खोलीत भरली. बाईंनी निरोप धाडून सगळ्या मुलींना बोलावून घेतलं. मी हाताला सूत चिकटलेली तशीच गेले. बाप गिरणीतली पाळी संपवून माझ्या मागोमाग आला आणि दारातच उभा राहिला. दादासाहेबांनी आकडे वाचले. गेल्या साली शंभर, यंदा चाळीस. बाई उठल्या. "गेल्या साली पास झालेल्या उभ्या ऱ्हावा." एक उभी राहिली, दुसरी लग्न होऊन करकंबला गेली होती. "यंदा पास झालेल्या." चौघी उभ्या राहिल्या. "दादासाहेब, दोन मोठे का चार?"

"पण सहाजणी नापास झाल्या, बाई."

"त्याही उभ्या ऱ्हावा."

आम्ही उभ्या राहिलो. मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. बाईंनी फळ्यावर एक रेघ ओढली, वर चार लिहिले, खाली दहा. "वरच्याला म्हणायचं अंश, खालच्याला छेद. गेल्या साली खाली दोनच हुते, कारण ह्या सहाजणींसारख्या आपण कुणी बसवल्याच न्हाईत. तवा त्या कुटं हुत्या? वर न्हवत्या, खाली न्हवत्या. घरी कांड्या भरत हुत्या. आज ह्या निदान छेदात हायत. छेदात नाव यायला परीक्षेला बसावं लागतंय, दादासाहेब."

तुसं तरंगत होती. दादासाहेबांनी पगडी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "पुढच्या साली किती पास होतील?"

"सांगता येत न्हाई," बाई म्हणाल्या, मान वर करून. "बसतील किती ते सांगते. सोळा."

वर्ग एका वर्षासाठी राहिला. दुसऱ्या दिवशी मी कांड्यांपुढं बसले, तर बापानं ढीग आपल्याकडे ओढून घेतला. "जा तिकडं छेदात," म्हणाला. आमच्या घरात माझ्या शिक्षणाबद्दल झालेलं ते एवढंच बोलणं.

पुढच्या वर्षी खरोखर सोळा बसल्या. सात पास झाल्या. दादासाहेबांनी कारकुनाकडून हिशेब करून घेतला, शेकडा पावणेचव्वेचाळीस, आणि फळीवर एवढा लांब आकडा मावेना. बाईंनी रंगाऱ्याला सांगून तिथं नुसतं लिहवून घेतलं: बसल्या सोळा, पास सात. वर्ग बंद करायची गोष्ट मग कुणी काढली नाही. मी त्याही वर्षी छेदातच राहिले. तिसऱ्या वर्षी वर चढले.

पुढं मी त्याच शाळेत शिकवायला लागले. बाई तेव्हा थकल्या होत्या, शाळेमागच्या खोलीत पडून असायच्या. मागाची खटखट त्यांना आवडायची. थांबली की डोळे उघडायच्या. एका उन्हाळ्यात ताप आला तो हटेना. डॉक्टर नाडी बघून, धीर द्यावा म्हणून, म्हणाले, "आज आठ आणे उतार आहे, बाई." बाईंचे ओठ हलले. मी कान जवळ नेला आणि डॉक्टरांना सांगितलं, "विचारतायत, कशातले?"

डॉक्टर गोंधळले. माझ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं. मग खरं तेच बोलले, "सांगता येत नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू वर्गातल्या ढ पोरानं बरोबर उत्तर दिलं. थोड्या वेळानं त्यांनी माझं मनगट धरलं. "यंदा किती बसणार?"

"एकतीस," मी म्हटलं.

त्यांनी ओठांतल्या ओठांत तो आकडा एकदा म्हणून बघितला. किती पास होतील, हे त्यांनी विचारलं नाही. पलीकडे माग चालू होता, तो ऐकत त्या पडून राहिल्या, आणि संध्याकाळच्या भोंग्याआधी गेल्या. निकाल लागायला अजून दोन महिने होते. त्या एकतीसजणींची नावं मात्र मी त्यांच्या उशाशी बसूनच लिहून काढली होती, पहिलीपासून शेवटचीपर्यंत, एकही न गाळता.